सगळ्या वाडीचा नंबर

"आला का गं?" कोकिळेनं फोनात विचारलं.

"पाठवला म्हनतात, आये. चांगदेवकाकांच्या फोनवर बघ," पनवेलहून तिची लेक शिवानी म्हणाली.

ओट्यावरच्या टेबलावर चांगदेवचा फोन वाजला. त्यानं तो उचलून बघितला, पालथा ठेवला आणि चहाची बशी तोंडाला लावली.

कोकिळेचा नवरा मोरू पनवेलच्या दवाखान्यात निजून होता. हृदयाची नळी बंद पडलेली. आयुष्मान कार्ड निघालं तर दुपारी ऑपरेशनला घेणार, नाहीतर पैसे भरा. आणि तेवढे पैसे घरदार विकूनही उभे राहिले नसते. कार्डासाठी मोरूची बोटं यंत्रावर लावून बघितली. जन्मभर सुपारीच्या झाडांवर चढून-उतरून बोटं पार गुळगुळीत झालेली, यंत्र काही ओळखेना. तोंडावर ऑक्सिजनची नळी, म्हणून चेहराही जुळेना. उरला आधारच्या नंबरावर येणारा ओटीपी. आणि तो नंबर होता चांगदेवचा.

एकट्या मोरूचा नव्हे, सगळ्या वाडीच्या आधारला तोच नंबर. आधारचं शिबिर झालं तेव्हा वाडीत फोन एकच, चांगदेवचा. शिबिरवाल्यानं नंबर विचारला की जो तो म्हणायचा, चांगदेवचा टाका, तो काय परका हाय? वर त्याचेच उपकार मानले. आपलंच दावं आपल्याच हातानं त्याच्या खुंट्याला बांधलं, दुसरं काय? आता घरोघरी फोन झाले, पण नंबर बदलायला गेलं तर चांगदेवचा पारा चढणार. म्हणून कुणी जात नव्हतं. रेशन असो, पेन्शन असो, ज्याला त्याला याच्या ओट्यावर येऊन बसावं लागायचं. तो आता ठेकेदार झाला होता, पुढारी झाला होता. मनात आलं तर फोन उचलायचा, नाहीतर नाही. काल दिवसभर शिवानीचा त्यानं उचलला नाही. म्हणून कोकिळा रात्रभर एसटीत बसून श्रीवर्धनला उतरली आणि तोंडही न धुता याच्या दारात आली.

"भावजी, आकडा सांगा," ती म्हणाली. "तिकडं पोरगी थांबलीय."

"सांगतो की, वहिनी. रविवारी ग्रामसभा हाय. खळ्याच्या जागेचा ठराव परत येतोय."

खळं म्हणजे वाडीची सुपारी वाळवायची जागा. ती चांगदेवला पर्यटकांच्या गाड्या लावायला हवी होती. मागच्या सभेत कोकिळेनं बायका उभ्या केल्या आणि ठराव पाडला. ते त्याच्या मनातून गेलं नव्हतं.

"हात वर करते, भावजी. दोन्ही करते. आता सांगा."

"तुमच्या एकटीचा हात घेऊन काय करू? बाकीच्या बायांना फोन लावा. इथंच, माझ्यासमोर."

ओट्याच्या कडेला त्याची आई नीराबाई नातीची पाटी घेऊन बसली होती. म्हातारी पाटीवर आकडे गिरवत होती. तिचा नवरा गेला त्या शिमग्यापासून तिला हे खूळ लागलेलं. काय आजी, तलाठी व्हायचं काय, म्हणून येणारेजाणारे हसायचे. तिचा नवराही असाच गेला होता, कार्डावाचून. तेव्हा चांगदेवकडे ना हा बंगला होता ना ठेके. "त्या दिवशी सर्व्हर बंद, ओटीपी आलाच न्हाय," असं त्यानं तेव्हा चारचौघांत सांगितलं होतं. अजूनही तेच सांगायचा, डोळ्यांत पाणी आणून.

"आये, गेला," फोनातून शिवानी म्हणाली. तिचा आवाज रडवेला झाला होता. "टाइम संपला. परत पाठवायला लावते."

कोकिळेचं डोकं भणाणलं. भावजी वगैरे सगळं गळून पडलं.

"चांगदेव, माझ्या नवऱ्याचा जीव तू टेबलावर पालथा घातलायस आणि वर चहा ढोसतोस. लाज न्हाय वाटत? तुझ्या बापाला खांदा दिलाय त्यानं."

"माझ्या बापाचं नाव काढू नको," चांगदेव म्हणाला. "माझ्या बापाला कुणी दिला ओटीपी? ज्याचं त्याचं नशीब."

नीराबाईनं पाटी खाली ठेवली.

फोन पुन्हा वाजला. चांगदेवनं बशी खाली ठेवायच्या आत म्हातारी उठली आणि तिनं तो उचलला. डोळ्यांपाशी धरला. काचेवर बोट ठेवून एकेक आकडा चाचपडत वाचायला लागली.

"चार. सात. शून्य."

कोकिळा फोनात ओरडली, "चार, सात, शून्य. लिही गं."

"आये, फोन दे इकडं." चांगदेव उठला, तशी कोकिळा दोघांच्या मध्ये उभी राहिली. म्हातारीनं त्याच्याकडे पाठ केली.

"दोन. नऊ." शेवटच्या आकड्यापाशी ती अडली. हवेत बोटानं गिरवून बघितला. "सहा."

तिकडं शिवानी सहाही आकडे कुणाला तरी परत सांगताना ऐकू आली.

"झालं," शिवानी म्हणाली. "आये, झालं. घेतला त्यांनी."

नीराबाईनं फोन लेकाच्या हातात दिला. रागानं चांगदेवचे कान लाल झाले होते.

"हे असले धंदे करायला शिकलीस व्हय आकडे?"

"तुझा बा गेला त्या दिवशी तू फोन घरी ठेवून सामने बघाय गेलतास," नीराबाई म्हणाली. "ओटीपी आला व्हता, चांगदेव. माझ्या हातात आला व्हता. मला वाचता आला न्हाय."