चाकं नसलेला डबा

कोल्हापूरच्या एका छोट्या रेल्वे संग्रहालयात आम्ही हौसेनं राबायचो. दर रविवारी जुने डबे घासायचे, रंगवायचे आणि पोटभर हसायचं. पगार नव्हता, चहा मात्र हवा तेवढा.

२००३ सालच्या एका दुपारी मी आणि मुनव्वरभाई लाकडी डब्यातली बाकं पॉलिश करून टेकलो होतो. त्या डब्याला चाकंच नव्हती, तो ओंडक्यांवर ठेवलेला होता. आमचा तिसरा गडी चन्नवीर भडंग आणायला गेला होता.

"ताई, तुमचा चहा सांडतोय की," मुनव्वरभाई म्हणाले.

बाकावरचा पेला एका लयीत हलत होता. मग आम्हीही डुलायला लागलो. खिडकीतून भरारा वारा आला.

"काय झ्याक वाटतंय!" मुनव्वरभाई खिदळले. मलाही हसू आवरेना.

तेवढ्यात बाहेर चन्नवीर दिसला. भडंगाची पिशवी छातीशी धरून तो डब्याच्या बाजूनं जीव खाऊन पळत होता, तरी मागं पडत होता.

"अवो, हात द्या की!" तो ओरडला.

मुनव्वरभाईंनी दारातून वाकून त्याचं मनगट पकडलं, मी त्यांचा सदरा घट्ट धरला आणि आम्ही त्याला आत ओढला. भडंग सगळीकडं सांडलं. तिघंही बाकावर कोसळलो आणि डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसलो.

"थांबा, झाडू आणते," म्हणत मी दाराकडं वळले.

चन्नवीरनं झटकन माझा हात धरला.

"ताई, गाडी थांबू द्या की आधी."