साफ कातडी

पट्टी मानेला चिकटली होती. सासूने कोमट पाण्याचा बोळा वरून पिळला, क्षणभर थांबली आणि हलक्या हाताने ती सोडवली. खाली पिवळं पाणी, सुटलेले पापुद्रे आणि आंबलेल्या पिठासारखा वास. तिने तोंड फिरवलं नाही.

"आई, राहू द्या. मी करते," सून म्हणाली.

"मानेच्या मागे डोळे फुटलेत का तुला? गप बस."

शेजारीण दारातच थांबली होती, नाकाला रुमाल लावून. "शी! अजून वाहतंय? माझी धुण्याची दोरी तेवढी सोडा हो. घरात मूल आहे."

"पुरळ काही दोरीवरून उड्या मारत येत नाही. आणि तुझं मूल आता तुझ्या नवऱ्याएवढं झालंय."

"हसा, हसा. शनिवारी तुमचा लेक येईल तेव्हा बघू. मागच्या खेपेला म्हणे तिच्या हातचं पाणीसुद्धा घेतलं नाही त्याने. त्याचं तरी काय चुकलं? बापासारखाच टापटिपीचा. दुसरा असता तर केव्हाच माहेरी पाठवली असती."

सासूने बोळा पुन्हा पाण्यात बुडवला. ते खरंच होतं. लेक लांब पल्ल्याचे ट्रक चालवायचा. मागच्या खेपेला जेवायला बसला, आणि वाढायला वाकलेल्या सुनेच्या मानेवरचे टपोरे फोड त्याला दिसले. त्याने ताट ढकललं. पुढचे दोन दिवस ती उठली की खुर्ची पुसून घ्यायचा, तिचा टॉवेल काठीने उचलून बाहेर भिरकावायचा. झोपायला तर घरात थांबलाच नाही. उशी घेऊन ट्रकमध्ये गेला आणि सुट्टी अर्धी टाकून निघाला. जाताना दारातून बजावलं, "पुढच्या वेळी कातडी साफ पाहिजे. मला बायको हवी, सडकी भाजी नको."

त्याचं ताट सासूनेच उचललं होतं. उरलेल्या भातात त्याने सिगारेट विझवली होती. थोटूक ओलं होऊन फुगलं होतं.

दुपारी ती सुनेला त्वचेच्या डॉक्टरबाईंकडे घेऊन गेली. बाईंनी दिवा जवळ ओढला, भिंग लावलं आणि एकेक विचारायला सुरुवात केली. साबण बदलला का? कपडे धुण्याची पावडर? गळ्यात काही खोटा दागिना? घरात आणखी कुणाला खाज? प्रत्येक वेळी सासूच आधी बोलायची.

"आजी, तिला बोलू द्या ना."

"ती लाजते."

बाईंनी बोटांच्या बेचक्या बघितल्या. "खरूज नाही. असती तर रात्री झोपू दिलं नसतं, आणि एव्हाना तुम्हीही खाजवत बसला असता. घामोळंही नाही. हे रेघांनी उठलंय, बघा. झाडाबिडाला हात लावला होता?"

"कुंपण छाटलं होतं तिने," सासू म्हणाली. "पांढरा चीक निघतो त्याचा."

"मग सापडला चोर! चीक लागला, वर ऊन पडलं, की फोड. वरून खाजवलं, म्हणून चिघळलं." त्यांनी बाही वर सारली. दंडावर वाटाण्याएवढे, गोल, जुने डाग होते. "हे मात्र पुरळ नाही."

"तेल उडालं," सासू म्हणाली.

डॉक्टरबाई दोघींकडे बघत राहिल्या. दोघी जमिनीकडे बघत होत्या. मग त्यांनी मलम लिहून दिलं. "चार दिवसांत, शनिवारच्या आतच, मान नव्यासारखी होईल."

सुनेच्या डोळ्यांतून पाणी आलं.

"अगं, बरं होणार म्हटल्यावर कुणी रडतं का?" बाई म्हणाल्या.

सासू मात्र उठेना. "बाई, चीक पुन्हा लागला तर काय होतं? डोळ्यात गेला तर?"

"डोळ्यांना तर अजिबात लागू द्यायचा नाही. दृष्टीवर येतं."

"आणि नुसता कातडीला? थोडासाच?"

"थोडासा असेल तर दुसऱ्या दिवशी फोड. खाजवलं नाही तर आठवड्यात जातात, व्रण राहत नाही. जास्त लागला तर कातडी जळते." बाई हसल्या. "इतकं खोदून कुणी विचारत नाही, आजी. नशीबवान आहे सून."

मलमाला गुण आला. फोड बसले, खपल्या गळाल्या. शुक्रवारी सकाळी मान कोऱ्या कापडासारखी निघाली. शेजारणीने जवळ येऊन निरखून पाहिलं. "सुटलात बाई! दोरी घ्या हो लागली तर."

तेवढ्यात लेकाचा फोन आला. "साफ झाली का?"

"तू ये तर खरा," सासू म्हणाली.

"उद्या संध्याकाळी पोचतो. आणि या वेळी आठवडाभर आहे."

सासूने फोन ठेवला. रबरी मोजे चढवून ती परसात गेली. ऊन चांगलं तापलं होतं. सून केस वर बांधून स्टुलावर येऊन बसलेलीच होती. सासूने कुंपणाची कोवळी फांदी मोडली, कापसावर पांढरा चीक टिपून घेतला आणि म्हणाली, "डोळे घट्ट मीट." मग त्या कोऱ्या मानेवर तिने जपून एक बारीक रेघ ओढली.

"आई," डोळे मिटूनच सून म्हणाली, "गळ्याला पुढूनही लावा. त्यांना दारातूनच दिसलं पाहिजे."