उसन्या पैशांचा प्रश्न

ती नर्स होती. परदेशातल्या नोकरीसाठी तिला इंग्रजी बोलण्याची परीक्षा द्यायची होती. ड्यूटीवरून आली की बाबा पुस्तकातले प्रश्न अडखळत वाचायचे आणि ती उत्तरं द्यायची. बाबांना त्यातलं काही कळत नाही, हे तिने गृहीतच धरलं होतं.

त्या दिवशी प्रश्न आला, तुम्ही कधी कुणाला पैसे उसने दिलेत का?

ती इंग्रजीत घडाघडा बोलत सुटली. "हो, वडिलांना. आईच्या ऑपरेशनसाठी ठेवलेले पैसे त्यांनी आठ दिवसांसाठी म्हणून नेले आणि धंद्यात घातले. परत केलेच नाहीत. आई गेली. आता मला त्यांचं तोंडही बघायचं नाही, म्हणून मी इतक्या लांब चाललेय."

मराठीत हे तिने कधीच बोलून दाखवलं नव्हतं.

बाबांनी पुस्तक मिटलं. "एक चूक झाली. 'डिडन्ट रिटर्न्ड' नाही गं, 'डिडन्ट रिटर्न'."

"तुम्हाला... कळतं?"

"तू ड्यूटीवर गेलीस की तुझे कॉम्प्युटरवरचे इंग्रजीचे धडे मीही ऐकतो. तुला मदत होईल म्हणून." मान खाली घालूनच ते म्हणाले, "बाकी सगळं बरोबर आहे."