रुमालाची गाठ

आमच्या गुजरातेतल्या दहेजच्या रसायन कारखान्यात इंजिनियर फाल्गुनीबेन आल्या त्या रसायनं उकळून वेगळी करणाऱ्या चालत्या टॉवरची घडी मुद्दाम विस्कटायला. वाफ आणि थंड पाणी एकाच वेळी कमीजास्त करायचं. तापमानं कशी भरकटतात ते संगणकाला शिकवायचं, म्हणजे पुढे तोच टॉवर सांभाळेल. तोवर आम्ही ऑपरेटरांनी मात्र सावरायचं नाही. पण माझा हात जन्मभर सावरत आलेला. रोज आपसूक वाफ पूर्ववत करायच्या बटणावर जायचा, चाचणी वाया. “कनकभाई, पाया पडते, धोक्याची घंटा वाजली तरी हात लावू नका. मलाही घरी जायचंय,” काल बेन रडकुंडीला आल्या. आज मी मनगटं रुमालाने बांधूनच घेतली. त्यांनी वाफ घटवली. तापमान उतरू लागलं, उतरतच राहिलं. घंटा खणाणली. माझी बोटं वळवळली, पण बटण दाबलं बेननी. स्वतःच्याच बोटाकडे बघत राहिल्या. दातांनी गाठ सोडवून मी रुमाल त्यांच्यापुढे धरला. “बेन, उद्या तुमचे हात बांधू.”