बागेच्या वाटा

दुष्काळी कामावर वाशिमची जुनी बाग पुन्हा लोकांसाठी उभी करायचं ठरलं, पण तिचा नकाशा कुठंच सापडेना. मग बागेतच झोपडी घालून राहणारी, जुन्या माळ्याची विधवा मनकर्णाबाई आठवेल तशी वाटांवरून चालत गेली. मागून ओव्हरसियर चुन्याची रेघ ओढत आला.

शेवटी ती स्वतःच्या झोपडीपाशी थांबली.

"ही वाट माह्या घरातून जाते, सायब."

"कायले सांगतलं, मावशी? आमाले मालूमबी झालं नसतं."

"माह्या मालकानं बांधली होती. तिचे गोटे अजून चुलीखाली हायेत."

एवढं बोलून ती आत गेली आणि भांडी बाहेर आणून ठेवू लागली.

ओव्हरसियरनं झोपडीला वळसा घालून रेघ पुढं नेली.