पानावरचं दव

अपोंडीचा फोटो पडद्यावर आला आणि किसुमूच्या कॅमेरा क्लबाचे परीक्षक ओडेरा सर हातातली तळलेली मांडाझी बशीत ठेवून पुढे झुकले. नाकतोडा मिशीच्या टोकापासून मागच्या पायाच्या काट्यापर्यंत लख्ख होता. कुठे म्हणून धूसर नाही.

"किती फोटो जोडून हा एक केलास?"

"साठ, सर. दर फोटोला कॅमेरा केसभर पुढे सरकवला."

"आणि तोवर हा मिशीसुद्धा न हलवता बसला? कुठे ठेवला होतास?"

अपोंडीनं मान खाली घातली. "फ्रीजरमध्ये. मासळीच्या डब्याशेजारी."

"शी! किळस येते मला तुम्हा लोकांची! किड्याच्या अंगावर थेंबच थेंब आणि खालचं पान कोरडंठाक. दव काय किडा ओळखून पडतं? फ्रीजरमधून काढलेल्या मढ्याला सुटलेलं पाणी आहे ते. आणि वर नाव काय, तर 'जिवंत पहाट'! चालती हो."

ओडेरा सरांनी मांडाझीचा मोठा घास घेतला. अपोंडी दारापाशी थबकली. तिथल्या भिंतीवर सरांचा बक्षीस मिळालेला जुना फोटो होता, दवात भिजलेला नाकतोडा. तिनं तो जवळून निरखला. तिच्या आवाजात टोमणा नव्हता, तिला खरंच शिकायचं होतं.

"सर, तुमच्या फोटोत पानावरही दव आहे. पानही फ्रीजरमध्येच ठेवायचं असतं का?"

सरांनी उरलेली मांडाझी बशीत ठेवली. तो फोटो काढताना त्यांनी फ्रीजरमधली सगळी मासळी बाहेर काढून नाकतोड्यासकट अख्खी फांदी आत ठेवली होती.