अर्धा मिलिमीटर

पिचलेली काचेची बांगडी दुसरीवर हलकेच वाजवली, की तिचा नाद चांगल्या बांगडीच्या निम्म्या वेळात विझतो. पद्मिनीबाई कासारांना तो फरक पाठमोऱ्या असतानाही कळायचा. पण दोन्ही कानांच्या पडद्यांना भोकं पडली, तपासून दिलेली बांगडी एका नवरीच्या मनगटावर फुटली, आणि गेली अकरा वर्षं त्यांनी कोणाला बांगड्या भरल्या नव्हत्या. भोकांवर ठिगळ बसवायचं ऑपरेशनही त्या पुढे ढकलत आल्या होत्या.

आज डॉ. देवस्थळींनी भोकांवर चाचणीचा थेंब सोडला. तो हव्या त्या ठिगळासारखा वागे, आणि ते ठिगळ दहा वर्षांनी कसं ऐकवेल, तेही आजच ऐकवी.

आधी थेंब स्नायूवरच्या पातळ आवरणाचं ठिगळ झाला. बाईंनी डोळे मिटून, एकेक वाजवत, समोरच्या डझनातली एकुलती पिचलेली बांगडी झटकन काढली. दहा वर्षांनंतरच्या कानाला मात्र बाराही सारख्याच वाजल्या. मग कानाच्या कूर्चेचं, म्हणजे मऊ हाडाचं, ठिगळ दहा वर्षं टिकलं, पण आवाज गोणपाटातून आल्यासारखा.

“आई, माझ्या लग्नाची साडीसुद्धा एवढी पारखली नव्हती तुम्ही!” सून केतकी बांगड्या पुन्हा मिसळत म्हणाली.

“डॉक्टर, ही कूर्चा तासता येते का?” बाईंनी विचारलं.

“येते की.” डॉक्टरांनी थेंबाची जाडी उतरवली.

“अजून,” बाई म्हणाल्या. “अजून.”

अर्ध्या मिलिमीटरवर त्यांनी हात वर केला. सातवी बांगडी बद्द वाजली. दहा वर्षांनंतरच्या कानालाही तीच सापडली. केतकीने ती उजेडात धरली, तर केसाएवढी चीर होती.

बाईंनी सुनेचा हात ओढून घेतला आणि उरलेल्या अकरांतली पहिली बांगडी चढवत त्या म्हणाल्या, “डॉक्टर, हेच ठिगळ बसवा. उद्याच.”